स्पिटफायरची लघुप्रतिकृती

दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश लढाऊ विमान स्पिटफायर याची ठरलेल्या प्रमाणात लहान केलेली, प्लॅस्टिकच्या सुट्या भागांच्या किटमधून जोडून रंगवलेली प्रतिकृती. लढाऊ विमानांच्या किटमध्ये मेसरश्मिट १०९, मस्टँग, झिरो, हरिकेन अशी कितीतरी नावे आहेत. पण जगभर सर्वाधिक कंपन्यांनी, सर्वाधिक वेळा साचे पाडले ते स्पिटफायरचेच असावेत. या छंदाच्या बहुतेक साऱ्या खाचाखोचा या एका विमानात सापडतात, म्हणून येथे तेच उदाहरण घेतले आहे.

स्पिटफायरचे पहिले उड्डाण ५ मार्च १९३६ रोजी इंग्लंडमधील ईस्टली येथे झाले. आराखडा रेजिनाल्ड मिचेल यांचा. पुढे वीस हजारांहून अधिक विमाने बनली आणि त्यांचे दोन डझनांच्या आसपास मुख्य प्रकार ('मार्क') झाले. प्रतिकृती करणाऱ्याची खरी कसोटी या प्रकारांमध्ये असते. 'स्पिटफायर' नावाचे एकच एक विमान कधी नव्हतेच. अमुक कारखान्यातून निघालेले, अमुक स्क्वाड्रनचे (वायुदलाच्या तुकडीचे), अमुक महिन्यात अमुक रंगात असलेले एकेक विमान होते. चांगली प्रतिकृती त्यांतल्या एकाचीच असते.

प्रमाण

प्रचलित प्रमाणे चार: १:७२, १:४८, १:३२ आणि १:२४. स्पिटफायरच्या पंखांचा विस्तार ११.२३ मीटर. तो १:७२ मध्ये सुमारे १५.६ सेंमी, १:४८ मध्ये २३.४, १:३२ मध्ये ३५ आणि १:२४ मध्ये जवळपास ४७ सेंमी भरतो. ही प्रमाणे विचित्र वाटतात, कारण ती फूट-इंचांच्या हिशेबातून आली. सहा फुटांना एक इंच धरला की १:७२ होते, एका फुटाला पाव इंच धरला की १:४८.

१:७२ या प्रमाणाला युद्धाने बळ दिले. आकाशातले विमान आपले की शत्रूचे हे क्षणात ओळखता यावे म्हणून सैनिकांना आणि वैमानिकांना लहान प्रतिकृती दाखवून शिकवत. १:७२ ची प्रतिकृती दहा मीटरवर धरली की ती ७२० मीटरवरच्या खऱ्या विमानाएवढी दिसते. १९४२ मध्ये अमेरिकन नौदलाने शाळकरी मुलांकडून अशा पाच लाख लाकडी प्रतिकृती करवून घेण्याची मोहीम काढली होती. आज दिवाणखान्यात शोभेला ठेवलेल्या विमानाचे प्रमाण एकेकाळी जीवनमरणाच्या गरजेतून रूढ झाले आहे, हे विसरता येत नाही.

नवशिक्याने १:४८ घ्यावे. १:७२ स्वस्त असते म्हणून हाती दिले जाते, पण त्यातले भाग चिमट्यातून निसटतात आणि मुलांचा उत्साह तिथेच मावळतो.

लाकडापासून पॉलिस्टायरीनपर्यंत

१९३०च्या दशकात ब्रिटनमध्ये लाकडी भागांचे १:७२ संच मिळू लागले. १९३६ मध्ये फ्रॉग या ब्रिटिश नाममुद्रेने सेल्युलोज ॲसिटेटच्या भागांची 'पेंग्विन' मालिका आणली. फ्रॉगची आधीची विमाने उडणारी होती, ही न उडणारी, म्हणून पेंग्विन. ॲसिटेट वर्षांनुवर्षांत वाकते, त्यामुळे त्या काळचे सरळ राहिलेले किट आज दुर्मिळ आहे.

युद्धानंतर पॉलिस्टायरीन आले. ते साच्यात बारकावे नेमके धरते आणि द्रावकाने चिकटते. निकोलस कोव्ह या हंगेरियन गृहस्थाने १९३९ मध्ये स्थापन केलेल्या एअरफिक्स कंपनीने १९५३ मध्ये १:७२ प्रमाणातला स्पिटफायर काढला. तो वूलवर्थच्या दुकानांत दोन शिलिंगांना मिळे. अचूकतेच्या दृष्टीने तो कच्चाच होता, पण खाऊच्या पैशात विमान मिळू लागले ही मोठी गोष्ट होती. १९६४ पासून रॉय क्रॉस या चित्रकाराने एअरफिक्सच्या खोक्यांवर काढलेली चित्रे पाहून कित्येक मुले या छंदाकडे वळली. १९७० मध्ये त्याच कंपनीने १:२४ चा स्पिटफायर आणला, इंजिनासह. जपानमधील शिझुओका येथील तामिया ही मुळात लाकडाचा धंदा करणारी कंपनी. तिने २००९ मध्ये १:३२ प्रमाणात मार्क ९ काढला आणि भागांच्या चपखल बसण्याचा नवा मापदंड घालून दिला. चेक प्रजासत्ताकातील एडुआर्ड कंपनीने २०१३ पासून १:४८ मध्ये तोच प्रकार अतिसूक्ष्म बारकाव्यांसह दिला. एअरफिक्स २००६ पासून हॉर्नबी या ब्रिटिश कंपनीकडे आहे आणि तिचे बरेच किट मधल्या काळात भारतात तयार होत होते.

किट म्हणजे काय

पोलादी साच्याच्या दोन पाकळ्या दाबून धरतात आणि त्यात वितळलेले पॉलिस्टायरीन जोराने भरतात. थंड झाल्यावर भाग एका चौकटीला जोडलेल्या अवस्थेत बाहेर येतात. या चौकटीला स्प्रू म्हणतात. साच्याच्या पाकळ्या सरळ उघडाव्या लागतात, त्यामुळे आत वळलेला कोणताही तपशील त्यात पाडता येत नाही. विमानाच्या धडाच्या बाजूंवरच्या पत्र्याच्या जोडरेषा स्पष्ट असतात आणि पाठीकडे, पोटाकडे जाता जाता पुसट होतात, त्याचे कारण हेच. त्या रेषा सुईने पुन्हा कोरून घ्याव्या लागतात. जुन्या किटमध्ये त्या उंचवट्याच्या असत, आता खाचेच्या असतात.

साच्यातून भाग ढकलणाऱ्या दांड्यांचे गोल ठसे, जाड भागावर थंड होताना पडलेले खळगे आणि फटीतून निसटलेली पातळ झालर हे तीन दोष जवळजवळ प्रत्येक किटमध्ये थोडेफार असतात. ते लांबी (पुट्टी) भरून आणि पॉलिशपेपरने घासून काढतात.

कोणते विमान?

खोके उघडण्याआधी हा प्रश्न सुटला पाहिजे. येथे मुंबईशी जुळणारे एक उदाहरण घेऊ. युद्धकाळात साम्राज्यातील प्रांतांनी, संस्थानांनी, शहरांनी विमानांसाठी निधी दिला. एका स्पिटफायरची नाममात्र किंमत ५,००० पौंड धरली जाई. मोठ्या देणग्यांच्या स्मरणार्थ काही स्क्वाड्रनांना प्रदेशांची नावे मिळाली. ब्रिटिश वायुदलाची क्रमांक १२२ ही 'बॉम्बे' स्क्वाड्रन मे १९४१ मध्ये स्कॉटलंडमध्ये उभी राहिली, तर क्रमांक १३२ ही 'सिटी ऑफ बॉम्बे' त्याच वर्षी जुलैमध्ये. दोन्ही स्पिटफायर उडवत. क्रमांक १५२ ला हैदराबादचे नाव होते.

समजा, १२२ चे १९४२ मधले मार्क ५बी करायचे आहे. मग धडावर एमटी ही स्क्वाड्रनची अक्षरे आणि विमानाचे स्वतःचे एक अक्षर हवे. पंखात दोन २० मिमी तोफा आणि चार मशिनगन हव्यात. उजव्या पंखाखाली चौकोनी रेडिएटर आणि डाव्याखाली लहान गोल तोंडाचा तेलशीतक येतो. दोन्ही पंखांखाली सारखे रेडिएटर दिसले तर ते मार्क ९ सारखे पुढचे विमान आहे. वरून गडद हिरवा आणि समुद्री करडा, खालून फिका करडा, कारण ऑगस्ट १९४१ नंतर १९४० चा मातकट तपकिरी गेला होता. आणि विमान एप्रिलचे की सप्टेंबरचे, तेही ठरवावे लागते. १९४२ च्या मध्यावर धडावरच्या वर्तुळचिन्हाचा जाड पिवळा पट्टा बारीक झाला. तारीख ठरली की निम्मे काम झाले.

येथे छायाचित्राला पर्याय नाही. खोक्यावरचे चित्र आणि किटमधली सूचनापत्रिका यांच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. संग्रहालयातले विमानही जपून पाहावे, कारण त्यावर नंतरच्या दुरुस्त्यांचे आणि नव्या रंगांचे थर असतात.

आकार

स्पिटफायरचा पंख लंबवर्तुळाकार असतो हे सर्वांना ठाऊक असते. त्याला पीळ असतो, हे मात्र थोड्यांच्या लक्षात येते. मुळाशी पंखाचा कोन अधिक दोन अंश असतो आणि टोकाकडे तो उणे अर्धा अंश होतो. हा पीळ नसलेली प्रतिकृती समोरून पाहिली की निर्जीव वाटते, का ते सांगता येत नसले तरीही. पंखाची मागची कडही पाहावी. १:४८ मध्ये अर्धा मिलिमीटर जाडी म्हणजे खऱ्या विमानावर २४ मिलिमीटर. म्हणून पंखाचे वरचे आणि खालचे भाग चिकटवण्याआधी आतून घासून पातळ करतात.

प्रतिकृतीवर रिव्हेट (पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांची डोकी) दाखवावेत की नाहीत हा वाद जुना आहे आणि त्याचे उत्तर इतिहासातच आहे. सपाट रिव्हेट महाग आणि वेळखाऊ, म्हणून ते कुठे खरोखर लागतात हे पाहण्यासाठी एका स्पिटफायरवर प्रत्येक रिव्हेटच्या जागी वाटाण्याची डाळ चिकटवून चाचणी घेतली. वेग ताशी सुमारे २२ मैलांनी घटला. मग टप्प्याटप्प्याने डाळ काढत गेले. पंखावर सपाट रिव्हेट हवेतच, धडाच्या मागच्या भागात गोल डोक्याचे चालतील, असे ठरले. तेव्हा मागच्या धडावर किंचित उंचवटे शोभतात, पण पंखाच्या पुढच्या भागावर खोल टोचलेल्या ठिपक्यांच्या रांगा केवळ डोळ्यांना आवडतात म्हणून असतात. पंख गुळगुळीतच ठेवावा, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे.

जोडणी

सुरुवात कॉकपिटपासून होते, कारण धडाचे दोन भाग मिटले की तिथे हात पोहोचत नाही. आतला रंग करडा-हिरवा, उपकरणफलक काळा. आसन सुरुवातीला धातूचे होते, नंतर राळ घातलेल्या कागदी थरांचे, लालसर तपकिरी रंगाचे आले. पट्टे कोरीव पितळी पत्र्याचे किंवा कागदाचे बसवतात. विमान वळवण्याच्या दांड्याच्या टोकाला गोल कडे असते.

पॉलिस्टायरीनचा गोंद म्हणजे द्रावक. तो दोन्ही कडा विरघळवून एकजीव करतो. भाग आधी कोरडे जुळवून पाहावेत, मग फटीवर पातळ गोंदाचा कुंचला टेकवावा. तो केशाकर्षणाने आपोआप आत ओढला जातो. पंख धडाला जिथे मिळतो तो सांधा स्पिटफायरमध्ये सर्वांत नाजूक. तिथे फट राहिली तर लांबी भरण्याआधी पंख किंचित वर उचलून पाहावा, बरेचदा फट मिटते आणि पंखांचा वरचा कलही योग्य होतो. रेझिनचे आणि पितळेचे भाग सायनोॲक्रिलेटने (झटपट चिकटणाऱ्या गोंदाने) चिकटवतात. पण त्याच्या वाफेने पारदर्शक कॅनपी (कॉकपिटवरचे झाकण) धुरकटते, म्हणून कॅनपीला पांढरा फेविकॉलसारखा गोंदच वापरावा.

उतरल्यावर वैमानिक फ्लॅप (पंखाखालच्या मागच्या झडपा) लगेच वर घेत. जमिनीवर उभ्या स्पिटफायरचे फ्लॅप खाली दाखवणे बहुतेक वेळा चूक असते, मग त्यासाठी कितीही सुंदर पितळी संच मिळत असो.

रंग

आधी प्रायमर (अस्तराचा रंग), त्यात सांध्याच्या चुका उघड्या पडतात. मग एअरब्रशने (हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या साधनाने) पातळ थर. ०.०५ मिलिमीटर जाडीचा थर १:७२ मध्ये साडेतीन मिलिमीटरच्या गिलाव्यासारखा ठरतो, म्हणून पातळपणा महत्त्वाचा. कॅनपीच्या काचा जपानी कागदी मास्किंग टेपने झाकतात. चिन्हे म्हणजे पाण्यात भिजवून सरकवायची डिकल. ती चकचकीत वार्निशवरच लावावीत, खडबडीत पृष्ठभागावर लावली तर खाली हवा अडकून रुपेरी झाक दिसते.

मुंबईत आणि कोकणात जून ते सप्टेंबर वार्निश मारणे हे धाडसच आहे. हवेतला ओलावा ओल्या थरात अडकून पांढुरके धुके धरते आणि महिन्याची मेहनत एका संध्याकाळी फिकी पडते. बंद खोलीत वातानुकूलन चालू ठेवावे किंवा सरळ दसऱ्याची वाट पाहावी. द्रावकांची वाफ फुफ्फुसाला घातक असते, त्यामुळे योग्य मुखवटा आणि खिडकीबाहेर हवा फेकणारा पंखा हवा. रेझिन घासायचे ते पाण्यात भिजवून.

वापराच्या खुणा दाखवताना विमानाची रीत आठवावी. स्पिटफायरला दार डाव्या बाजूला, म्हणून वैमानिक आणि यांत्रिक डाव्या पंखावर चढत. रंग झिजून ॲल्युमिनियम दिसते ते तिथे, पंखाच्या मुळाशी. दोन्ही पंख सारखेच खरचटलेले असले की ते विमान कोणी वापरलेले वाटत नाही. प्रत्येक जोडरेषेत काळा वॉश (रेषेत झिरपणारा पातळ रंग) भरण्याची पद्धत लोकप्रिय आहे, पण ०.२ मिलिमीटरची रेषा १:७२ मध्ये चौदा मिलिमीटरची फट होते, आणि पत्र्यांत एवढ्या फटी ठेवून कोणी लढले नव्हते. पातळ करडा वॉश पुरतो.

भारतीय वायुदलाच्या विमानांत रंगाची एक गोष्ट विशेष जपावी. क्रमांक ८ स्क्वाड्रनला १९४४ मध्ये मार्क ८ मिळाले आणि ती ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढली. त्या आघाडीवर चिन्हातला लाल ठिपका काढून टाकला होता, कारण झाडीवरून वेगाने जाणाऱ्या विमानावरचा लाल गोळा जपानी सूर्यच वाटे. म्हणून तिथल्या स्पिटफायरवर गडद निळ्यात फिका निळा असे लहान वर्तुळ असते. किटमध्ये युरोपचीच डिकल असली तर लाल ठिपका फिक्या निळ्याने झाकून भागत नाही, वर्तुळाचा आकारही लहान असतो. ते मास्क कापून रंगवणेच बरे. स्पिटफायर प्रत्यक्ष पाहायचे असेल तर दिल्लीत पालमच्या वायुसेना संग्रहालयात जावे.

शेवट तारेचा

सर्वांत शेवटी बसवायची ती आकाशतार. १९४० च्या सुरुवातीच्या विमानांत ती कॅनपीमागच्या खांबापासून शेपटीच्या टोकापर्यंत जाते. नवा रेडिओ आल्यावर ती गेली, खांब तेवढा राहिला. मग धडाच्या दोन्ही बाजूंपासून आडव्या शेपटीच्या टोकांकडे जाणाऱ्या बारीक तारा आल्या, आपले विमान रडारवर ओळखू यावे म्हणून. तार करायला स्प्रूचा तुकडा मेणबत्तीच्या ज्योतीवर, ज्योतीला न लावता, फिरवत मऊ करतात आणि बाहेर काढून दोन्ही हातांनी ओढतात. केसासारखा धागा निघतो. तो दोन टोकांना चिकटवून, नुकत्याच विझवलेल्या उदबत्तीचे गरम टोक जवळून फिरवले की ढिलाई जाऊन ताठ होतो. फार जवळ नेले की तुटतो, आणि मग पुन्हा मेणबत्ती.