पार्ट मिळत नाही, पण माप मिळतं : जुन्या चेनसॉच्या इंजिनाची दुरुस्ती

बाभळी आणि कडुलिंब कापून दमलेली जुनी चेनसॉ मराठवाड्यातल्या एखाद्या वखारीच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेली दिसते. मालकाचं उत्तर ठरलेलं असतं: "पार्ट मिळत नाही." मॉडेल बंद होऊन तीस-चाळीस वर्षं झाली असतील, तर त्या नंबरचा पार्ट खरंच मिळत नाही. पण इंजिनाला नंबराशी घेणंदेणं नसतं. त्याला योग्य माप, योग्य धातू आणि तापात टिकणारं रबर लागतं. म्हणून आधी इंजिन मेलं कशानं, हे शोधावं. अनेकदा ते हवेनं मेलेलं असतं.

चेनसॉचं इंजिन टू-स्ट्रोक. पिस्टन वर गेला की खालच्या क्रँककेसमध्ये, म्हणजे फिरता दांडा (क्रँक) असलेल्या बंद पेटीत, ओढ तयार होते आणि कार्बोरेटरमधून पेट्रोल-हवेचं मिश्रण आत येतं. पिस्टन खाली आला की तेच मिश्रण दाबलं जाऊन सिलेंडरमध्ये चढतं. मिनिटाला ९००० फेरे धरले, तर सेकंदाला १५० वेळा ओढ आणि १५० वेळा दाब. हा दाब अडवून धरतात क्रँकच्या दोन टोकांचे ऑइल सील, म्हणजे शाफ्टभोवती बसणाऱ्या रबरी चकत्या. रबर जुनं होऊन कडक झालं की सीलचा ओठ शाफ्टला टेकत नाही आणि बाहेरची हवा आत शिरते. मिश्रणात पेट्रोल कमी पडलं की इंजिन जास्त तापतं. त्यात टू-स्ट्रोकचं वंगण पेट्रोलमध्येच मिसळलेलं, म्हणजे नेमक्या त्याच वेळी तेलही कमी. पिस्टन सिलेंडरला धरतो, म्हणजे आत चिकटून बसतो. मग नवा पिस्टन टाकला जातो, तोही धरतो, आणि शिव्या मात्र पिस्टन विकणाऱ्याला बसतात.

गळती शोधायला महागडं यंत्र लागत नाही. कार्बोरेटर आणि सायलेन्सर काढून त्यांची तोंडं रबराच्या तुकड्यांनी घट्ट बंद करायची, पिस्टन खाली आणायचा आणि प्लगच्या जागी नळी बसवून हवा भरायची. रक्तदाब मोजायच्या यंत्राचा फुगा आणि काटा इथं छान चालतो. ३०० मिलिमीटर पारा म्हणजे साधारण ०.४ बार, एवढा दाब या कामाला पुरतो. काटा उतरू लागला तर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे जागा दाखवतात. मात्र काही सील आतून दाब आला की ओठ आवळतात आणि ओढ लागली की सोडतात, म्हणून मोठ्या सिरिंजनं हवा ओढूनही बघावं.

सील आणि बेअरिंग हे सगळ्यात सोपं. सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी छापलेली असते. बेअरिंगवर ६२०२ असेल तर शेवटच्या ०२ चा अर्थ १५ मिलिमीटरचा शाफ्ट. ०३ म्हणजे १७. आपल्या छताच्या पंख्यातही ६२०२ सापडतं. पण माप जुळलं तरी ते उचलून घालू नये. चेनसॉला सी-३ खुणेचं, आतून थोडं जास्त मोकळं बेअरिंग लागतं, कारण तापल्यावर फुगायला जागा हवी. बसवताना हातोडा नको. मॅग्नेशियमची केस १०० अंशांनी तापवली की बेअरिंगचं ३५ मिलिमीटरचं घर जवळपास ०.०९ मिलिमीटर मोठं होतं आणि थंड बेअरिंग सहसा हातानं आत जातं.

सिलेंडरपाशी खरी अडचण येते. टू-स्ट्रोक स्कूटरवर हात बसलेला मेकॅनिक लगेच म्हणतो, "बोअर मारून घेऊ", म्हणजे सिलेंडर आतून कातून थोडं मोठं करू. आधी आत चुंबक लावून बघा. घट्ट चिकटला तर आत बिडाचा लायनर (नळीसारखं अस्तर) आहे, बोअर मारता येईल. चिकटला नाही तर बहुधा ॲल्युमिनियमवर क्रोमचा पातळ थर आहे. लेथवर तो थर गेला की सिलेंडर गेलं. अशा वेळी कॉस्टिक सोडा कामाला येतो. पिस्टनचं चिकटलेलं ॲल्युमिनियम तो विरघळवतो, क्रोमला हात लावत नाही. कापसाच्या बोळ्यानं फक्त चट्ट्यांवर लावायचा. फेस येतो तो हायड्रोजनचा, म्हणून काम उघड्यावर, आग लांब, डोळ्यांवर चष्मा, हातात मोजे. चट्टा पुसला गेला तरी त्याच जागी फेस येतच राहिला, तर खाली क्रोम उरलेलं नाही. ताबडतोब धुवा आणि दुसरं सिलेंडर शोधा.

पिस्टनवरच्या रिंगांचं नशीब बरं असतं. यामाहा आरएक्स-१०० मोटारसायकलचा बोअर (सिलेंडरचा आतला व्यास) ५० मिलिमीटर, आणि त्याच बोअरच्या चेनसॉही आहेत. व्यासासोबत जाडी आणि खाचेतल्या पिनची जागा जुळली पाहिजे. ती पिन रिंगेला फिरू देत नाही. रिंग फिरली तर तिचं टोक पोर्टात, म्हणजे सिलेंडरच्या भिंतीतल्या खिडकीत, अडकून मोडतं. ५० मिलिमीटरला रिंगेच्या टोकांमधली फट साधारण ०.२ मिलिमीटर, फिलर गेजनं (मापाच्या पातळ पत्त्यांनी) मोजलेली.

पॅकिंग कागदातून कापता येतं, प्लॅटिन (ठिणगी पाडणारे संपर्क-बिंदू) घासून चालतं. कार्बोरेटरच्या पातळ रबरी पडद्यांवर मात्र जुगाड करू नये. पेट्रोल ओढणारा पडदा क्रँककेसच्या धक्क्यांवरच हलतो, आणि आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपल्याच उसापासूनही ते बनतं, पण जुनं रबर त्यात फुगतं किंवा पुढे कडक होतं. शिवाय इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, म्हणून पावसाळ्यात मशीन बंद ठेवताना टाकी रिकामी करावी आणि कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावं.