बर्फात चार महिने उभी गाडी आणि कोकणच्या पावसात चार महिने उभी गाडी

मे संपत आला की गावाकडे हा विषय निघतोच. चाकरमानी मुंबईला परत निघतात, गाडी इथेच घराशी ठेवून जायची आणि गणपतीला आल्यावर काढायची असं ठरतं, मग बंद गाडीची काळजी कशी घ्यायची म्हणून यूट्यूब उघडतात आणि तिथे जे सापडतं ते बहुतेक कॅनडा-अमेरिकेतलं, म्हणजे कडाक्याच्या हिवाळ्यात गाडी चार-पाच महिने गॅरेजमध्ये बंद करून ठेवणाऱ्यांचं. वरवर प्रश्न सारखाच वाटतो, गाडी उभी, मालक लांब, बाहेर हवा वाईट. पण त्यातले बरेच उपाय इथे जसेच्या तसे केले तर गाडी सांभाळायच्या ऐवजी खराब होते.

तिकडे भीती गोठण्याची. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं आणि रेडिएटरमध्ये नुसतं पाणी असेल तर इंजिनाचा ब्लॉकसुद्धा तडकतो, म्हणून ते लोक कूलंट (पाणी गोठू न देणारं द्रव) आणि पाणी निम्मं-निम्मं आहे ना हे आधी बघतात, ते मिश्रण उणे ३५ अंशांच्याही खाली टिकतं. डिझेल घट्ट होतं, बाहेर उभ्या गाडीचे वायपर काचेला चिकटून गोठतात. पण थंडीचा एक फायदा आहे, थंड हवेत बाष्प कमी मावतं, गंज हळू चढतो आणि शून्याखाली बुरशी जवळजवळ वाढतच नाही. त्यामुळे गाडी धुवून, कोरडी करून, काचा घट्ट लावून एकदा बंद केली की वसंतापर्यंत तिला हात लावायची गरज नाही, आणि तिथे ते बरोबरच आहे.

आपल्याकडे जून ते सप्टेंबर पारा २५ ते ३० अंशांच्या मध्ये आणि हवेतली आर्द्रता दिवसचे दिवस ८०-९० टक्के. बुरशीला याहून चांगलं काय पाहिजे. गाडी घट्ट बंद केली की आत असलेली ओल आतच कोंडते, सीटच्या कापडात, मॅटखालच्या जाड फेल्टमध्ये, आणि महिन्याभरात स्टिअरिंगवर, सीटबेल्टवर पांढरी-हिरवी बुरशी आणि दार उघडल्या उघडल्या कुबट वास. म्हणून फरक एका वाक्यात सांगायचा तर तिथे गाडी बंद करून विसरायची असते, इथे ती अधूनमधून उघडावी लागते. हे ज्याला पटलं त्याला बाकीचं आपोआप सुचेल.

शेजारी कुणीतरी असतंच, काका, वहिनी, घर बघणारं कुणी, त्यांच्याकडे चावी द्या आणि सांगा की उघडीप पडली की चारही दारं तासभर उघडी ठेवा, मॅट बाहेर काढून वाळवा. ओल शोषणारे डबे मिळतात त्यांच्यावर विसंबून राहू नका, ते थोड्याच दिवसांत पाण्याने भरतात आणि कॅल्शियम क्लोराइडवाला डबा कलंडला तर ते खारट पाणी कार्पेटमध्ये मुरून खालचा पत्रा खातं.

कव्हरचंही तसंच. बर्फाच्या देशात गॅरेजमध्ये कव्हर म्हणजे धुळीपासून बचाव. इथे लोक घरावर घालायची निळी ताडपत्रीच गाडीवर टाकतात आणि दोरीने आवळून बांधतात, हे कृपया करू नका. खालून जमिनीची वाफ येते ती प्लास्टिकखाली अडकते, गाडी आतून घामेजलेली राहते, वर वाऱ्याने ताडपत्री फडफडून कोपऱ्यांवरचा रंग घासला जातो. डोक्यावर पक्कं छप्पर आणि बाजू मोकळ्या, म्हणजे पडवी किंवा मांगराची शेड, ही सगळ्यात चांगली जागा, तिथे कव्हर नसलं तरी चालेल आणि घालायचंच तर हवा खेळती राहील असं कापडी घाला. खाली माती नको, गवत तर नकोच, जांभ्याचे चिरे बसवलेले असले किंवा कोबा असला तर उत्तम.

मीठ दोन्हीकडे आहे आणि इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. तिकडे बर्फ वितळायला रस्त्यावर मीठ टाकतात, ते गाडीच्या पोटाला लागतं, एकदा नीट धुतलं की विषय संपला. आपल्याकडे मीठ वाऱ्यावरून येतं आणि पूर्ण पावसाळा येतच राहतं, मालवण, गुहागर, मुरुड, कुठलंही किनाऱ्याचं गाव घ्या. त्यात आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच ओलं होतं, म्हणजे पाऊस नसलेल्या दिवशीसुद्धा पत्र्यावर खारट ओलावा असतो. त्यामुळे मे महिन्यात एकदा धुणं पुरत नाही, खालून अँटीरस्ट कोटिंग करून घ्या आणि दारांच्या बिजागऱ्या, बॅटरीचे टर्मिनल यांना ग्रीस लावा.

आणि एक जागा मुद्दाम बघा. बॉनेट उघडलं की काचेच्या बुडाशी, वायपरखाली, एक जाळी असते आणि तिच्या दोन्ही टोकांना पाणी जायची भोकं असतात. आंब्याखाली किंवा फणसाखाली गाडी उभी राहात असेल तर तिथे पानं, मोहराचा चुरा, माती असं सगळं बसून लगदा होतो. भोकं बुजली की पाणी तुंबतं आणि ब्लोअरच्या वाटेने पायाशी उतरतं. काच शाबूत, दारं बंद, तरी गाडीत पाणी कुठून आलं म्हणून लोक हैराण होतात ते बऱ्याचदा इथूनच. हाताने लगदा काढा आणि तांब्याभर पाणी ओतून ते चाकामागून खाली पडतंय ना ते बघा.

बॅटरीला त्रास फक्त थंडीतच होतो असा समज आहे, तो खरा नाही. थंडीत उतरलेली बॅटरी उणे दहाच्या आसपास गोठू शकते, पूर्ण चार्ज असेल तर खूप खाली जाऊनही टिकते, म्हणून ते लोक चार्जर कायम लावून ठेवतात. इथे गोठायचा प्रश्न नाही, पण उष्णतेत बॅटरी आपोआप जास्त लवकर उतरते, दर दहा अंशांना साधारण दुप्पट वेगाने. आणि कोकणात पावसात लाईट कधी जाईल, वीज कधी कडाडेल याचा नेम नाही, बंद घरात चार्जर लावून जाणं मला तरी धोक्याचं वाटतं. बॅटरी काढून शेजाऱ्यांकडे ठेवा, महिन्यातून एकदा चार्ज करायला सांगा. आठवड्याला पाच मिनिटं गाडी चालू करून बंद करणं दोन्हीकडे वाईट, इंजिन पुरतं तापत नाही आणि सायलेन्सरमध्ये पाणी साठतं.

उंदीर दोन्हीकडे, पण उपाय एक नाही. तिकडे सायलेन्सरच्या तोंडात स्टील वूल कोंबतात, इथे ते गंजून चुरा होतं, त्यापेक्षा स्टेनलेस जाळी बांधा. पेट्रोल टाकी दोन्हीकडे भरूनच ठेवायची, आतली मोकळी हवा जितकी कमी तितकी ओल कमी, आणि आता इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पाणी ओढतं.

गॅरेजवाल्या देशांत जी काळजी लागत नाही ती इथे आधी घ्यायची, जागेची. माडाखाली नको, ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात दापोली-श्रीवर्धन पट्ट्यात किती झाडं पडली ते सगळ्यांनी बघितलंय. आणि नदीकाठच्या गावात जागा उंचावरची हवी, २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा नुसत्या कव्हरने काय होणार होतं.

हँडब्रेक मात्र दोन्हीकडे लावायचा नाही, तिकडे केबल गोठते, इथे ब्रेकचा लायनर ड्रमला गंजून चिकटतो. गिअरमध्ये टाका आणि चाकांना पुढून-मागून लाकडाचा ठोकळा लावा. गणपतीला आल्यावर चावी फिरवायच्या आधी बॉनेट उघडून एअर फिल्टरचा डबा बघा, उंदराने काथ्या-कापूस भरलेला असू शकतो, वायरी कुरतडल्यात का बघा. चाक अडकलं असेल तर जोर करून ओढू नका, हळूच एकदा पुढे, एकदा मागे करून बघा, नाही सुटलं तर मेकॅनिक. ब्रेकच्या डिस्कवर नारिंगी गंज दिसेल, तो वरवरचा असतो, पहिलं अर्धा किलोमीटर सावकाश जाऊन दोन-चार वेळा हलका ब्रेक मारला की निघतो.