मॅन्युअल कन्व्हर्ट झालं म्हणजे स्ट्रक्चर झालं असं नाही

"आपलं पॉलिसी मॅन्युअल एक्सएमएलमध्ये आणायचंय" असं कुणी म्हणालं (एक्सएमएल म्हणजे मजकुराच्या भागांना टॅग, म्हणजे नावाच्या खुणा, लावून ठेवायची पद्धत) की मी आधी विचारते, नुसतं कन्व्हर्ट करायचंय की स्ट्रक्चर करायचंय? बऱ्याच जणांना दोन्ही एकच वाटतं, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

कन्व्हर्ट म्हणजे फॉरमॅट बदलणं. वर्डची फाईल टूलमधून काढली, हेडिंगला हेडिंगचा टॅग, पॅराला पॅराचा टॅग, संपलं. मजकुराचा अर्थ यात कुणी बघतच नाही. तसं बघितलं तर वर्डची डॉकएक्स फाईल आतून एक्सएमएलच असते. एखाद्या फाईलची कॉपी करा, नावाच्या शेवटचं डॉकएक्स हे एक्स्टेन्शन बदलून तिथे झिप लिहा आणि उघडा, आत वर्ड नावाच्या फोल्डरमध्ये डॉक्युमेंट डॉट एक्सएमएल सापडेल. त्यात लिहिलेलं असतं की हा पॅरा, ही स्टाईल, एवढे शब्द बोल्ड. बोल्ड का केले ते कुठेच नसतं. मॅन्युअलमध्ये कधी व्याख्या दिलेला शब्द बोल्ड असतो, कधी ताकीद, कधी मुदत, कधी कुणाला ते ठळक हवं होतं एवढंच, आणि टूलला हे सगळे सारखेच दिसतात.

स्ट्रक्चर करणं म्हणजे प्रत्येक तुकडा काय काम करतो ते ठरवणं. डिटा हे त्यासाठीचं स्टँडर्ड, आयबीएममध्ये तयार झालेलं, स्टँडर्ड ठरवणाऱ्या ओएसिस या संस्थेने २००५ साली त्याची पहिली आवृत्ती मंजूर केली. त्यात टॉपिकचे, म्हणजे मजकुराच्या तुकड्यांचे, मुख्य प्रकार तीन: कन्सेप्ट (काय आणि का ते समजावणारा), टास्क (करायच्या पायऱ्या) आणि रेफरन्स (तक्त्यांसारखी बघून घ्यायची माहिती).

आता प्रवासखर्चाच्या मॅन्युअलमधला असा पॅरा घ्या: "कर्मचाऱ्याने प्रवास संपल्यापासून १५ दिवसांत बिले सादर करावीत, वर दिलेल्या तक्त्यातील मर्यादेपेक्षा जास्त खर्चास विभागप्रमुखांची मंजुरी आवश्यक राहील, त्यासाठी फॉर्म भरून मूळ पावत्या जोडाव्यात." नियम, मर्यादा आणि कृती, तिन्ही एका दमात. कन्व्हर्ट केलं तर हा एक पॅरा टॅग. स्ट्रक्चर करायला बसलात तर मुदतीचा आणि मंजुरीचा नियम एकीकडे, फॉर्म आणि पावत्यांच्या पायऱ्या टास्कमध्ये, मर्यादांचा तक्ता रेफरन्समध्ये. आणि "वर दिलेल्या" हे शब्द काढावेच लागतात, कारण हाच नियम उद्या हँडबुकमध्ये किंवा मोबाईलवर एकटा दिसला तर वर काहीच नसतं, तिथे तक्त्याची लिंक हवी.

मग येतो रियूज, म्हणजे तोच मजकूर अनेक जागी वापरणं, आणि खरी मेहनत इथेच आहे. डिटामध्ये कॉनरेफ नावाची सोय वापरून मजकूर एकाच जागी ठेवता येतो, बाकी जागांवर तोच ओढून घेतला जातो, म्हणजे मुदत बदलली तर एकदाच बदलायची. पण त्याआधी तोच नियम कुठे कुठे लिहिलाय ते शोधावं लागतं. माझ्या एका कामात एके ठिकाणी "१५ दिवस" होतं आणि दुसरीकडे "कामकाजाचे १५ दिवस", आणि दोन्ही मजकूर मंजूर झालेले! याचं उत्तर कुठलंही टूल देऊ शकत नाही, लिहिणाऱ्यानेही आपल्या मनाने देऊ नये, ज्याच्या अखत्यारीत ती पॉलिसी आहे त्यालाच विचारावं लागतं. म्हणून मी नेहमी सांगते, ही साफसफाई वर्डमध्येच आधी करा, डुप्लिकेट शोधा, स्टाईल नीट लावा, कन्व्हर्जन त्यानंतर.

गोंधळ आणखी एका कारणाने होतो. नुसत्या कन्व्हर्ट केलेल्या फाईलमधूनही पीडीएफ आणि वेबपेज दोन्ही निघतात, मग वाटतं की झालं आपलं सिंगल सोर्स, म्हणजे एकाच मूळ मजकुरातून सगळं काढणं. एका अर्थी झालंही, पण ते अख्खं मॅन्युअलच दोन रूपांत निघतं. त्यातून फक्त कंत्राटी कर्मचाऱ्यांना लागू असलेले नियम काढून बघा. तुकड्यांवर ऑडियन्सचं, म्हणजे तो कुणासाठी आहे याचं, लेबल असेल तर काय ठेवायचं आणि काय गाळायचं ते सांगणाऱ्या डिटाव्हॅल फाईलने फिल्टर लावला की ती आवृत्ती निघते, नसेल तर परत कॉपी-पेस्ट आणि एका मॅन्युअलची दोन मॅन्युअल, पुढे दोन्ही सांभाळत बसा.

तुकडे किती बारीक करायचे, तर वाक्यावाक्याचे अजिबात नको, मग सलग वाचताच येत नाही. माझा अंदाज असा की एका अधिकाऱ्याच्या मंजुरीने जेवढा मजकूर एकत्र बदलतो तेवढा एक तुकडा. आणि तो बदलण्याआधी तो कुठे कुठे ओढला जातोय ती यादी बघायचीच, कारण चुकलात तर चूकही सगळीकडे एकदम पोचते.

नुसतं कन्व्हर्जन पुरतं असंही एक ठिकाण आहे, रद्द झालेल्या जुन्या आवृत्त्या. अमुक तारखेला नेमका कोणता नियम लागू होता हे दाखवायला त्या ठेवायच्या असतात, तिथे मजकूर तोडू नका, जोडू नका, स्वल्पविरामही हलवू नका.