हेफसीबा : एका विरळा हिब्रू नावाची पार्श्वभूमी

हेफसीबा हे नाव हिब्रू बायबलमध्ये अवघे दोनदा येते. एकदा राणीचे म्हणून आणि एकदा नगरीचे म्हणून. राणीचा उल्लेख ‘2 राजे’ या ग्रंथाच्या एकविसाव्या अध्यायाच्या आरंभी आहे. यहूदाचा राजा मनश्शे बाराव्या वर्षी गादीवर बसला, त्याने यरुशलेमेत 55 वर्षे राज्य केले आणि त्याच्या आईचे नाव हेफसीबा होते, एवढेच तेथे सांगितले आहे. ती कोणाची मुलगी, कोठली, पुढे तिचे काय झाले, यांविषयी मजकूर काहीच बोलत नाही. हाच इतिहास ‘2 इतिहास’ या ग्रंथात पुन्हा येतो, तेव्हा मनश्शेचे वय आणि राज्यकाल तसेच ठेवून आईचे नाव मात्र गाळलेले आहे. तिचा पती हिज्कीया हा यहूदाच्या नामवंत राजांपैकी एक, इ. स. पूर्व 701 मध्ये अश्शूरच्या सन्हेरीबाने स्वारी केली तेव्हा यरुशलेम राखणारा राजा म्हणून तो ओळखला जातो. मुलगा मात्र त्याच ग्रंथाच्या मते सर्वांत दुराचारी राजांपैकी एक. अशा पती-पुत्रांच्या मध्ये ही राणी केवळ नावापुरती उरली आहे.

त्या नावाची घडण पाहण्यासारखी आहे. हिब्रूत ते ‘हेफ्त्सी’ आणि ‘बाह’ अशा दोन शब्दांचे बनते. पहिल्याचा अर्थ ‘माझा आनंद’ किंवा ‘माझी आवड’, दुसऱ्याचा ‘तिच्यात’. पहिले अक्षर मुळात घशातून उच्चारायचे असल्याने आजच्या इस्रायलमध्ये हे नाव ‘खेफ्त्सीबा’च्या जवळपास ऐकू येते. बायबलमधील बऱ्याच स्त्रियांची नावे झाडे आणि प्राणी यांच्यावरून आली आहेत: तामार म्हणजे खजूर, राहेल म्हणजे मेंढी, दबोरा म्हणजे मधमाशी. संपूर्ण वाक्य असलेली नावे हिब्रूत विपुल असली, तरी ती बहुधा देवाविषयी विधान करणारी आणि बहुधा पुरुषांची असतात. हेफसीबा हेही एक वाक्यच आहे, पण त्यात देवाचे नाव नाही आणि ते बोलणारा ‘मी’ कोण हेही सांगितलेले नाही. राणीच्या बाबतीत तो तिचा बाप किंवा आई असावी, असे मानणे सर्वांत सरळ.

दुसऱ्या ठिकाणी मात्र बोलणारा स्पष्ट आहे. यशया या संदेष्ट्याच्या नावाने असलेल्या बायबलमधील ग्रंथाच्या बासष्टाव्या अध्यायाच्या चौथ्या वचनात उद्ध्वस्त यरुशलेमेला उद्देशून आश्वासन दिले आहे की, यापुढे तुला ‘टाकलेली’ म्हणणार नाहीत आणि तुझ्या भूमीला ‘उजाड’ म्हणणार नाहीत. तुला हेफसीबा म्हणतील आणि तुझ्या भूमीला बऊला, म्हणजे विवाहिता, कारण तुझ्याठायी परमेश्वराला आनंद आहे. यशयाच्या ग्रंथाचा हा शेवटचा भाग यहूदाच्या लोकांना बाबेलला धरून नेले त्या बंदिवासानंतरचा, म्हणजे राणीच्या काळानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी लिहिला गेला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. कवीच्या मनात ती राणी होती की नाही हे ठरवता येत नाही, पण ‘टाकलेली’ या अर्थाचा हिब्रू शब्द, अजूबा, हेही यहूदातील दुसऱ्या एका राजमातेचे, यहोशाफाटाच्या आईचे, नाव होते. एका नावाच्या जागी दुसरे नाव ठेवण्याची ही रचना निव्वळ योगायोग वाटत नाही.

यहुदी परंपरेने या पुसट राणीला पुढे बरेच काही दिले. हिज्कीयाने यशया संदेष्ट्याच्या मुलीशी विवाह केला, अशी कथा तालमुद या यहुदी धर्मग्रंथात आहे, आणि तिच्या आधारे हेफसीबा ही यशयाची कन्या ठरली. याहून चमत्कारिक आहे सातव्या शतकाच्या आरंभीचे ‘सेफेर जरुब्बाबेल’ हे हिब्रू लिखाण. बायझंटाईन आणि पर्शियन साम्राज्यांच्या दीर्घ युद्धाच्या छायेत लिहिलेल्या या भविष्यकथनात हेफसीबा ही मसीहाची, म्हणजे यहुदी ज्याची वाट पाहतात त्या तारणहाराची, आई आहे. तिच्या हाती दैवी काठी येते आणि ती शत्रूच्या राजांना ठार मारते. मसीहाच्या आईला अशी रणांगणावरची भूमिका त्या काळच्या यहुदी वाङ्मयात दुसरीकडे क्वचितच मिळाली असेल. तरीही या कथांमुळे नाव घरोघरी पोहोचले नाही. सारा, रिबका, राहेल, एस्तेर ही नावे पिढ्यान्‌पिढ्या चालत राहिली. हेफसीबा कडेला राहिले.

नाव ख्रिस्ती घरांत पोहोचले ते फार वेगळ्या वाटेने, आणि ती वाट भाषांतरकारांनी काढली. ग्रीक आणि लॅटिन बायबलांनी यशयातील हा शब्द नाव म्हणून ठेवलाच नव्हता, त्याचा अर्थ दिला होता. लॅटिन वाचकाला तेथे ‘माझी इच्छा तिच्यात’ अशा अर्थाचे शब्द दिसत. साहजिकच मध्ययुगीन युरोपात कोणी मुलीचे नाव हेफसीबा ठेवण्याचे कारण नव्हते. 1611 च्या इंग्रजी बायबलने मात्र एक विसंगत वाटावी अशी निवड केली: त्याच वचनातील ‘टाकलेली’ आणि ‘उजाड’ यांचे भाषांतर केले, आणि हेफसीबा व बऊला हे शब्द हिब्रूतच राहू दिले. दोषाची नावे समजली, गौरवाची नावे मंत्रासारखी कानावर पडत राहिली. संतांची नावे नाकारून जुन्या करारात नावे शोधणाऱ्या प्युरिटन, म्हणजे कडव्या इंग्रज प्रोटेस्टंट, कुटुंबांना असे नाव हवेच होते. सतराव्या शतकात ते इंग्लंडमधून न्यू इंग्लंडच्या वसाहतींत गेले. तेथेही मेरी, एलिझाबेथ आणि सारा यांच्या पुढे ते कधी गेले नाही, पण टिकून राहिले. जॉर्जिया राज्यात ऑगस्टा शहराजवळ या नावाचे एक गावही आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत नावाला जुनाटपणाचा वास येऊ लागला होता, याची साक्ष दोन कादंबऱ्या देतात. नॅथॅनिएल हॉथॉर्नच्या 1851 च्या कादंबरीत सात त्रिकोणी छपरांच्या घरात राहणारी, पोटासाठी दुकान उघडावे लागल्याने शरमणारी वृद्ध अविवाहिता हेप्झिबा आहे. दुसरी कादंबरी जॉर्ज एलियटची, 1861 ची ‘सायलस मार्नर’. दारात आलेल्या अनाथ मुलीला विणकर सायलस आपल्या आईचे आणि धाकट्या बहिणीचे हेफसीबा हे नाव देऊ पाहतो, तेव्हा शेजारीण डॉलीला ते नाव अवघड वाटते, बारशाला चालणारे नाव आहे की नाही अशीही तिला शंका येते. ते बायबलमधले आहे, असे सायलस सांगतो आणि बहिणीला घरात एप्पी म्हणत असत, असेही. मुलगी पुढे एप्पीच राहते. सतराव्या शतकातील धर्मनिष्ठ घरात कोणाला जे सांगावे लागले नसते, ते आता खेड्यातल्या चर्चला जाणाऱ्या बाईलाही सांगावे लागते, हा बदल या छोट्या संवादात नेमका पकडलेला आहे.

त्याच वचनातील दुसऱ्या नावाचे नशीब याच्या उलट निघाले. जॉन बन्यनच्या ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’ या 1678 च्या रूपककथेत यात्रेकरू स्वर्गनगरीपूर्वी ज्या रम्य प्रदेशात विसावतात, त्याचे नाव ‘ब्यूला’, म्हणजे बऊलाचेच इंग्रजी रूप. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन भक्तिगीतांनी तो प्रदेश लोकप्रिय केला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत ब्यूला हे मुलींचे बऱ्यापैकी प्रचलित नाव झाले. पुढे तेही मागे पडले. दोन अक्षरांचे, तोंडात सहज बसणारे नाव आणि ‘फ’ला ‘झ’ जोडून म्हणावे लागणारे नाव यांत पालकांनी पहिले निवडले, यात नवल नाही. पण माझ्या मते उच्चारापेक्षा गाण्याचा वाटा मोठा होता.

यहुदी समाजात हे नाव पुन्हा ऐकू येऊ लागले ते विसाव्या शतकात. व्हायोलिनवादक येहुदी मेनुहिन यांची बहीण, पियानोवादक हेफझिबा मेनुहिन (1920–1981) ही या नावाची जगभर माहीत झालेली बहुधा एकमेव व्यक्ती. सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या हेफझिबा भावासोबत लहानपणापासून वाजवत. 1938 मध्ये विवाहानंतर त्या ऑस्ट्रेलियातील मेंढपाळीच्या मोठ्या मळ्यावर राहायला गेल्या आणि पुढे लंडनमध्ये सामाजिक कार्यात उतरल्या. पॅलेस्टाइनमध्ये परतलेल्या यहुद्यांना तर यशयाचे ते वचन जमिनीविषयीच वाटत होते. 1922 मध्ये गिलबोआ डोंगराच्या पायथ्याशी स्थापन झालेल्या किबुत्झचे (सामुदायिक शेतीवस्तीचे) नाव त्यांनी हेफ्त्सीबा ठेवले. 1928 मध्ये तेथे पाण्याचा चर खणताना सहाव्या शतकातील सिनेगॉगची (यहुदी प्रार्थनागृहाची) रंगीत फरशी सापडली. मधोमध राशिचक्र आणि सूर्यरथ असलेली ही फरशी आज शेजारच्या बेथ अल्फाच्या नावाने प्रसिद्ध आहे. इस्रायलमध्ये मुलींना हे नाव दिले गेले, तरी ते आज जुन्या पिढीचे वाटते.

अमेरिकेतील आजची लोकप्रियता मोजणे वाटते तितके सोपे नाही. तेथील सामाजिक सुरक्षा खाते दरवर्षी नवजात बालकांच्या नावांची यादी प्रसिद्ध करते, पण वर्षात पाचपेक्षा कमी मुलांना मिळालेले नाव त्या यादीत येत नाही आणि प्रत्येक वर्णलेखन स्वतंत्र धरले जाते. हेफझिबा, हेप्झिबा, हेप्सिबा असे फाटे फुटलेले विरळ नाव अशा मोजणीत आणखी विरळ दिसते. खरी वस्ती दुसरीकडे आहे. नायजेरियातील ख्रिस्ती कुटुंबांत हे नाव आढळते. आपल्याकडे दक्षिणेत, विशेषतः तमिळ आणि तेलुगू प्रोटेस्टंट घरांत, हेप्सिबा आणि ब्यूला ही दोन्ही नावे चांगली रुळलेली आहेत. तमिळ बायबलनेही यशयाच्या त्या वचनात दोन्ही शब्दांचे भाषांतर न करता ती ‘एप्सिबा’ आणि ‘ब्यूला’ अशी नावे म्हणूनच ठेवली आहेत. तेथे हेप्सिबा नावाची शिक्षिका किंवा परिचारिका भेटली तर कोणी भुवया उंचावत नाही, आणि अर्थ विचारला तर बासष्टावा अध्याय, चौथे वचन, असे उत्तर बहुधा लगेच मिळते.