हाफ शाफ्ट ओढून निघतो, हे सगळ्या गाड्यांना लागू नाही

हाफ शाफ्ट म्हणजे डिफरेन्शियलकडून (चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरकडून) एका चाकाला फिरवणारा दांडा. तो काढायचा तर "चाक काढ, शाफ्ट दोन्ही हातांनी धर आणि जोरात ओढ, नाहीतर स्लाइड हॅमर लाव" हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय (स्लाइड हॅमर म्हणजे सरकतं वजन आपटून ओढायचं हत्यार) आणि त्यापायी शाफ्टच्या टोकांचे चांगले जॉइंट (वाकणारे सांधे) वाया जातात. मागच्या जुन्या पद्धतीच्या सॉलिड एक्सलला तो बऱ्याचदा बरोबर आहे, कारण तिथे शाफ्ट अखंड असतो, बेअरिंग धरून ठेवणाऱ्या रिटेनर प्लेटचे बोल्ट काढले की फ्लँजला (चाक बसतं त्या चकतीला) स्लाइड हॅमर लावून तो बाहेर येतो. (काहींत डिफरेन्शियलच्या आत शाफ्ट अडकवणारी सी-क्लिप असते, ती आधी काढायलाच लागते, मग हॅमरची गरजच नाही.)

पण फ्रंट व्हील ड्राइव्हचं (इंजिन पुढची चाकं फिरवतं अशा गाड्यांचं) गणित वेगळं. बऱ्याच गाड्यांत आतला जॉइंट गिअरबॉक्समध्ये छोट्या सर्क्लिपवर (खाचेत बसणाऱ्या रिंगवर) अडकलेला असतो, आणि तो जॉइंट आत-बाहेर सरकणारा असतो, म्हणून मधला दांडा ओढला की सर्क्लिप सुटत नाही, जॉइंटच आतून सुटतो आणि बूट (जॉइंटवरचं रबरी आवरण) फाटतो. जोर दांड्यावर नाही, जॉइंटच्या हाऊसिंगवर द्यायचा. हाऊसिंग आणि गिअरबॉक्सच्या मध्ये प्राय बार (उचकटायची पहार) घालून एक छोटा झटका, नाही सुटलं तर शाफ्ट थोडा फिरवून पुन्हा. बार ऑइल सीलवर टेकवू नका, आणि खाली ट्रे ठेवा, तेल येणारच.

चाकाच्या हबकडचे स्प्लाइन (शाफ्टवरचे दाते) गंजले असतील तर पुलर (स्क्रूने दाबून शाफ्ट बाहेर ढकलणारं हत्यार) वापरा. थेट हातोडा मारला तर शाफ्टच्या टोकाचे थ्रेड गेलेच म्हणून समजा. बसवताना सर्क्लिप नवीन टाका.