खुबा मोडतो तेव्हा

रात्री उठलेल्या आजींचा पाय न्हाणीतल्या ओल्या शहाबादी फरशीवर सरकतो, त्या कुशीवर पडतात आणि नंतर त्यांना उठता येत नाही. मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत पुढचे दोन-तीन दिवस ‘लचक भरली असेल’ म्हणत शेकण्यात, चोळण्यात आणि हाडवैद्य शोधण्यात जातात. पाय दुसऱ्या पायापेक्षा आखूड दिसत असेल, पाऊल बाहेरच्या बाजूला कललेले असेल आणि जांघेत असह्य दुखत असेल, तर मांडीचे हाड खुब्याजवळ मोडल्याची दाट शक्यता असते. असा पाय चोळणे किंवा ओढून सरळ करणे धोक्याचे आहे. कधी मोडलेली टोके एकमेकांत रुतून बसतात आणि रुग्ण लंगडत का होईना चालतो, म्हणून पडल्यावर जांघ दुखत राहिली तर चालता येत असले तरी एक्स-रे काढावाच.

मांडीच्या हाडाचे वरचे टोक चेंडूसारखे गोल असून ते कमरेच्या हाडातील वाटीत फिरते. हा गोळा आणि खालचे उभे हाड यांना एक आखूड, तिरकी मान जोडते. चालताना शरीराचा भार एका पायावर येतो, तेव्हा या सांध्यावर वजनाच्या अडीच ते तीन पट दाब पडतो. तरुणपणी हाड हा दाब सहज पेलते. पाळी गेल्यानंतर स्त्रियांची हाडे वेगाने ठिसूळ होतात आणि मग उभ्याने साधे पडणेही हाड मोडायला पुरते.

मान मोडली की अडचण रक्तपुरवठ्याची होते. गोळ्याला मिळणारे बहुतांश रक्त मानेवरून वर चढणाऱ्या बारीक वाहिन्यांतून येते. जायकवाडीच्या कालव्याच्या टोकाला ज्यांचे शेत आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको: कालवा मध्ये फुटला तर शेवटचे शेत कोरडे राहते. मानेचे तुकडे सरकले, तर गोळा रक्ताविना निर्जीव होऊ शकतो. म्हणूनच वृद्धांमध्ये अशा वेळी हाड जोडत बसण्यापेक्षा गोळा काढून धातूचा बसवतात. रुग्ण चांगला हिंडता-फिरता असेल तर वाटीसह पूर्ण सांधाही बदलतात. तुकडे जागेवर असतील किंवा रुग्ण तरुण असेल, तर स्क्रूने मान जोडण्याचा प्रयत्न केला जातो. मानेच्या खालच्या, रुंद भागात हाड मोडले तर रक्तपुरवठा सहसा टिकतो. तिथे हाडाच्या पोकळीत सळई घालून किंवा हाडाच्या बाहेरून धातूची पट्टी व स्क्रू लावून ते जोडतात.

‘आता या वयात कशाला ऑपरेशन?’ हा प्रश्न मायेपोटी विचारला जातो, हे मान्य. पण त्याचे उत्तर शांतपणे ऐकायला हवे. ऑपरेशन टाळले तर पायाला ओढ देणारे वजन लावून दोन-तीन महिने अंथरुणावर पडून राहावे लागते, आणि त्या काळात न्यूमोनिया, पाठीवरच्या जखमा, लघवीचा जंतुसंसर्ग, पायातल्या शिरांत होणाऱ्या रक्ताच्या गुठळ्या यांपैकी काहीतरी जीवावर बेतू शकते. शस्त्रक्रिया हाडासाठी असते त्याहून अधिक माणसाला लवकर उठवून बसवण्यासाठी असते. ती शक्यतो पहिल्या ४८ तासांत व्हावी आणि बहुतेक रुग्णांना दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभे करावे, असे आजचे वैद्यकशास्त्र सांगते. मधुमेह, रक्तदाब यांची तपासणी आवश्यकच आहे, पण तिच्या नावाखाली आठवडा घालवू नये. खर्चाची धास्ती असेल, तर छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय, अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ शासकीय वैद्यकीय महाविद्यालय अशा ठिकाणी अस्थिरोग विभाग आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा लाभ मिळेल का, हेही दाखल होतानाच विचारावे.

घरी पाठवताना बहुधा टाक्यांबद्दल सांगितले जाते, ठिसूळ हाडांबद्दल मात्र फारसे कोणी बोलत नाही, याची मला खंत वाटते. एकदा खुबा मोडलेल्या व्यक्तीचा दुसरा खुबा मोडण्याचा धोका वाढलेला असतो. ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि हाडांची झीज रोखणारे औषध, जे काही प्रकारांत आठवड्यातून एकदा गोळीने तर काहींत वर्षातून एकदा सलाइनवाटे देतात, याबद्दल डॉक्टरांना आपणहून विचारावे. आजी घरी येण्याआधी न्हाणीच्या भिंतीला धरायला दांडा बसवावा आणि बाजेपासून तिथवरच्या वाटेवर रात्रभर दिवा ठेवावा.