पेपरने पाठिंबा दिला, म्हणजे नेमका कोणी?

२०१६ च्या ऑक्टोबरअखेरीस न्यू जर्सीतल्या माझ्या मावसबहिणीचा फोन आला होता. आवाजात वैताग. "अगं, न्यूयॉर्क टाइम्स हिलरीच्या बाजूचा ना? मग रोज पहिल्या पानावर तिच्याच ईमेल्स कशा? हा पाठिंबा म्हणायचा की पाडापाडी?"

तिचा प्रश्न रास्त होता. अमेरिकेची निवडणूक इथे बसून वाचणारे आपणही याच जागी अडखळतो, कारण एकाच नावाखाली निघणाऱ्या दोन गोष्टी आपण एक धरून चालतो: पेपरचा अग्रलेख आणि पेपरची बातमी.

असं होण्याला आपल्याकडे कारणही आहे. मराठी पेपरात बहुधा संपादक एकच. अग्रलेखाची भूमिका त्याची आणि पहिल्या पानावर काय जाणार याचा शेवटचा शब्दही त्याचाच. अमेरिकेतल्या मोठ्या पेपरांत मात्र या दोन चुली वेगळ्या असतात. बातम्यांचा प्रमुख वेगळा, मतांच्या पानाचा प्रमुख वेगळा आणि दोघांपैकी कोणी दुसऱ्याच्या हाताखाली नाही. 'अमुक पेपरचा अमुक उमेदवाराला पाठिंबा' असं आपण वाचतो तेव्हा तो पाठिंबा संपादकीय मंडळाचा असतो. प्रचारसभा कव्हर करत गावोगाव हिंडणाऱ्या बातमीदाराला कोणी त्याचं मत विचारलेलं नसतं.

न्यूयॉर्क टाइम्सचंच घ्या. त्याच्या अग्रलेखाने १९५६ मध्ये आयझेनहॉवर यांना पाठिंबा दिला, त्यानंतर अध्यक्षपदासाठी एकाही रिपब्लिकन उमेदवाराला नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये ट्रम्प यांच्या विरोधात उभ्या असलेल्या डेमोक्रॅट उमेदवार हिलरी क्लिंटन यांना दिला. पण क्लिंटन यांनी परराष्ट्रमंत्री असताना सरकारी कामासाठी खासगी ईमेल वापरल्याची बातमी मार्च २०१५ मध्ये फोडली कोणी? टाइम्सच्याच बातमीदाराने.

मग आला २८ ऑक्टोबर २०१६. एफबीआय या केंद्रीय तपास यंत्रणेचे संचालक जेम्स कोमी यांनी काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, पत्र लिहून कळवलं की एका वेगळ्याच प्रकरणाच्या तपासात काही ईमेल्स सापडल्या आहेत आणि त्या तपासाव्या लागतील. त्यांत काय आहे, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशीच्या टाइम्सचं पहिलं पान आठवून पाहा: घडीच्या वर, म्हणजे स्टॉलवर नजर पडते त्या अर्ध्या भागात, याच विषयावरच्या तीन बातम्या. मतदानाला दहा दिवस उरले होते. ६ नोव्हेंबरला कोमींनीच सांगितलं की क्लिंटन यांच्यावर खटला भरण्यासारखं काही नाही, या आधीच्या निष्कर्षात काही बदल नाही. डंकन वॉट्स आणि डेव्हिड रॉथ्सचाइल्ड या अभ्यासकांनी पुढच्या वर्षी टाइम्सची पहिली पानं मोजून दाखवली. निवडणुकीआधीच्या ६९ दिवसांत धोरणांच्या सगळ्या प्रश्नांवर मिळून पहिल्या पानावर जेवढ्या बातम्या आल्या, तेवढ्या एकट्या ईमेल्सवर सहा दिवसांत आल्या होत्या.

म्हणजे मावसबहिणीला दिसलं ते खरंच होतं. अग्रलेख क्लिंटन यांच्या बाजूने आणि बातम्यांचं पान त्यांच्या मुळावर, हे एकाच पेपरात एकाच वेळी घडत होतं. मला इथे एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. अग्रलेखाचा कल उघड असतो. तो सांगून-सवरून बाजू घेतो; पटलं तर घ्या, नाही तर पान उलटा. बातमीतला कल शब्दांत सापडत नाही. तिथलं प्रत्येक वाक्य खरं असूनही कल असू शकतो. तो असतो निवडीत: कोणती बातमी वर गेली, किती मोठ्या टायपात, किती दिवस सलग. आपण भांडतो अग्रलेखावर, पण मतदारावर परिणाम करण्याची ताकद मला बातमीच्या पानात जास्त दिसते. २०१६ मध्ये मोठ्या पेपरांच्या अग्रलेखांपैकी बहुतेक सगळे क्लिंटन यांच्या मागे होते. 'द ॲरिझोना रिपब्लिक' हा पेपर १८९० पासून निघतोय. त्याने डेमोक्रॅट उमेदवाराला पाठिंबा दिला तो पहिल्यांदाच. तरीही ॲरिझोना ट्रम्प यांनाच मिळालं.

उलट्या बाजूचं उदाहरण वॉल स्ट्रीट जर्नलचं. त्याचं मतांचं पान पक्कं उजवीकडचं. हा पेपर कोणत्याही उमेदवाराला औपचारिक पाठिंबा देत नाही; शेवटचा दिला होता १९२८ मध्ये हर्बर्ट हूव्हर यांना. पण ट्रम्प यांच्याशी संबंध आल्याचं सांगणाऱ्या पॉर्न अभिनेत्री स्टॉर्मी डॅनियल्स यांना ट्रम्प यांच्या वकिलाने गप्प राहण्यासाठी पैसे दिल्याची बातमी जानेवारी २०१८ मध्ये बाहेर काढली ती जर्नलच्या बातमीदारांनीच. पुढे न्यूयॉर्कच्या कोर्टात ट्रम्प दोषी ठरले ते याच पैशांच्या खोट्या नोंदींवरून.

टीव्हीवर हा फरक ओळखणं जास्त अवघड. पेपरात निदान पान तरी बदलतं. चॅनेलवर तोच लोगो, तोच स्टुडिओ आणि घड्याळाचा काटा सरकला की बातमी संपून मत सुरू झालेलं असतं. ट्रम्प यांच्या बाजूचं मानल्या जाणाऱ्या फॉक्स न्यूजमध्ये ३ नोव्हेंबर २०२० च्या, म्हणजे मतमोजणीच्या रात्री ही भेग सगळ्या जगाला दिसली. पूर्वेकडच्या वेळेने रात्रीचे ११.२०. बिल हेमर टचस्क्रीनवर नकाशा समजावून सांगत होते आणि बोलता बोलता थबकले: ॲरिझोना निळं, म्हणजे डेमोक्रॅटांच्या रंगाचं, झालं होतं. चॅनेलच्या डिसिजन डेस्कने, म्हणजे मतमोजणीचे आकडे पाहून राज्य कोणाचं हे ठरवणाऱ्या तुकडीने, ते बायडेन यांच्या खात्यात टाकलं होतं आणि पडद्यासमोरच्या माणसालाच त्याचा पत्ता नव्हता. ट्रम्प यांच्या गोटात संताप उसळला. डेस्कचे प्रमुख आर्नन मिश्किन यांना कॅमेऱ्यासमोर आणून विचारण्यात आलं, आणि ते आपल्या निर्णयावर ठाम राहिले. अंतिम मोजणीत बायडेन तिथे १०,४५७ मतांनी जिंकले. फरक इतका निसटता होता की एवढी घाई योग्य होती का, हा वाद आजही करता येईल. पण तो वाद आकड्यांचा, पक्षाचा नव्हे.

त्याच चॅनेलवर पुढच्या आठवड्यांत मतदानयंत्रांबद्दलचे खोटे आरोप चालले. त्याच काळात फॉक्सच्याच एका महिला बातमीदाराने ट्रम्प यांच्या अशा एका ट्वीटची तथ्यतपासणी केली, तर मोठ्या सूत्रसंचालकांनी आपसात मेसेज करून तिला नोकरीवरून काढून टाकायची भाषा केली. हे मेसेज उघडे झाले ते मतदानयंत्रं बनवणाऱ्या डॉमिनियन कंपनीच्या अब्रुनुकसानीच्या दाव्यामुळे. एप्रिल २०२३ मध्ये फॉक्सने ७८ कोटी ७५ लाख डॉलर देऊन तो मिटवला.

गोंधळाची सगळ्यात मोठी किंमत मला दिसली ती २०२४ मध्ये. वॉशिंग्टन पोस्टच्या संपादकीय विभागाने कमला हॅरिस यांना पाठिंबा देणाऱ्या अग्रलेखाचा मसुदा तयार केला होता. २५ ऑक्टोबरला प्रकाशकांनी जाहीर केलं की पेपर यंदा कोणालाच पाठिंबा देणार नाही. मतदानाला दोन आठवडेही उरले नव्हते. चिडलेल्या वाचकांपैकी अडीच लाखांहून जास्त जणांनी काही दिवसांत वर्गणी बंद केली. त्यांचा राग मला समजतो. ऐनवेळी घेतलेल्या अशा माघारीने विश्वास तुटतोच. पण वर्गणी घटली की कात्री लागते ती बातमीदारांच्या पगारांना, आणि त्यांचा या निर्णयाशी काडीचा संबंध नव्हता. 'आम्हाला सोडून जाऊ नका' असं त्यांच्यातले कित्येक जण जाहीरपणे विनवत होते.

मसुदा तयार होता आणि तो न छापण्याचा निर्णय मालक जेफ बेझोस यांचा होता, ही बातमी त्याच दिवशी पोस्टच्याच बातमीदारांनी दिली. पोस्टमध्येच.